मित्राच्या नावावरची तूट

१४ मार्च २०१८ रोजी मिझुरी राज्यात पक्षासाठी निधी गोळा करण्याच्या एका बैठकीत अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी देणगीदारांना कॅनडाचे पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांच्याशी झालेले आपले बोलणे ऐकवले. ट्रुडो सांगत होते की तुमची आमच्याबरोबरच्या व्यापारात तूट नाही. ट्रम्प यांनी ठासून सांगितले की आहे. पुढे त्यांनीच कबूल केले की तसे म्हणताना वस्तुस्थिती काय आहे याची आपल्याला कल्पना नव्हती. या भाषणाचे ध्वनिमुद्रण ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या हाती लागले आणि दुसऱ्याच दिवशी ट्रम्प यांनी तूट आहेच, असे जाहीरपणे पुन्हा लिहिले. याच्या तीनच आठवडे आधी त्यांच्या सहीने अमेरिकी काँग्रेसला वार्षिक आर्थिक अहवाल सादर झाला होता. कॅनडाबरोबरच्या व्यापारात अमेरिकेचेच आधिक्य असल्याची नोंद त्या अहवालात होती. एका नेत्याच्या स्वभावाचा नमुना म्हणून ही गोष्ट सोडून देता आली असती. पण गेल्या काही वर्षांत मित्रदेशांवर लादलेल्या आयातशुल्कांच्या मुळाशी अशीच विधाने आहेत, आणि त्यांची झळ आता भारतापर्यंत पोहोचली आहे. म्हणून हा हिशेब असतो कसा आणि त्यात खोटे बोलल्याने नुकसान कोणाचे होते, हे नीट पाहायला हवे. माझे म्हणणे असे आहे की, व्यापारातल्या तुटीबद्दल नाराज असण्याचा आणि कडक घासाघीस करण्याचा प्रत्येक नेत्याला अधिकार आहे. आपल्याच सरकारच्या वहीत लिहिलेले बाजूला ठेवून लोकांना भलतेच सांगण्याचा मात्र नाही. तसे करणारा नेता समोरच्या देशाला फसवू शकत नाही. फसतो तो त्याचा स्वतःचा मतदार.

आधी वहीकडे पाहू. दोन देशांमधल्या व्यापाराची मोजणी दोन खात्यांत होते. एक वस्तूंचे खाते: गहू, तेल, मोटारी, औषधे, हिरे, म्हणजे जे जे बंदरातून किंवा सीमेवरच्या नाक्यातून जाते ते. दुसरे सेवांचे: सॉफ्टवेअर, बँकांचे व्यवहार, पेटंटचे स्वामित्वशुल्क, चित्रपट, पर्यटन, शिक्षण. पहिल्या खात्यातला माल डोळ्यांना दिसतो, ट्रक आणि जहाजे मोजता येतात, म्हणून भाषणात तेच येते. दुसऱ्या खात्यातले काहीच दिसत नाही. पुण्याची किंवा नागपूरची मुलगी अमेरिकेतल्या विद्यापीठात शिकायला गेली की तिची फी आणि तिथला राहण्याचा खर्च हा अमेरिकेच्या हिशेबात भारताला केलेल्या निर्यातीत धरला जातो. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३ लाख ३१ हजारांहून जास्त भारतीय विद्यार्थी होते. त्यांच्या आईवडिलांनी काढलेली शैक्षणिक कर्जे अशा रीतीने अमेरिकेच्या निर्यातीचा भाग झाली, आणि त्यांचे एकही खोके कुठल्या बंदरात उतरले नाही. हिवाळ्यात फ्लोरिडात जाऊन राहणारे हजारो कॅनेडियन वृद्धही असेच अमेरिकेच्या निर्यातीत भर घालतात. २०१७ साली कॅनडाबरोबर अमेरिकेची वस्तूंमध्ये सुमारे १७ अब्ज डॉलरची तूट होती, तर सेवांमध्ये २५ अब्जांच्या आसपास आधिक्य होते. दोन्ही पाने वाचली तर पारडे अमेरिकेकडे झुकते, एकच वाचले तर कॅनडाकडे. राजकारणातला असत्याचा नेहमीचा प्रकार हा आहे. आकडा सहसा पूर्ण बनावट नसतो, पण अर्धी वही मिटून ठेवलेली असते.

पण समजा, दोन्ही पाने वाचूनही एखाद्या मित्रदेशाबरोबर तूट निघाली, तर त्या देशाने आपल्याला लुबाडले असे म्हणता येईल का? इथे सामान्य वाचकाची फसगत सगळ्यात सहज होते, कारण ‘तूट’ हा शब्दच नुकसान सुचवतो. नाशिकचा द्राक्ष बागायतदार दरवर्षी कृषी सेवा केंद्रातून हजारो रुपयांची खते-औषधे घेतो आणि त्या दुकानदाराला एक घडही विकत नाही. द्राक्षे तो व्यापाऱ्याला विकतो. दुकानदाराबरोबर त्याची कायमची तूट आहे, व्यापाऱ्याबरोबर कायमचे आधिक्य. यापैकी एकही आकडा त्याची परिस्थिती सांगत नाही. ती कळायची असेल तर वर्षभराची एकूण आवक आणि जावक पाहावी लागेल. जावक सतत जास्त असेल तर दुकानदाराला दोष देण्याआधी घरचा खर्च तपासावा लागेल. देशांचेही तसेच आहे. अमेरिकेची सगळ्या जगाबरोबरची एकूण तूट २०२४ साली वस्तू आणि सेवा मिळून ९०० अब्ज डॉलरच्या वर होती. तिचे मूळ असे की तो देश बचत करतो त्यापेक्षा जास्त खर्च आणि गुंतवणूक करतो, आणि जगाला डॉलर हवे असल्यामुळे हा फरक बाहेरच्या पैशातून भरून निघतो. २०२४च्याच आर्थिक वर्षात अमेरिकी केंद्र सरकारच्या अंदाजपत्रकातली तूट १.८ लाख कोटी डॉलर होती. परक्या देशाने लुबाडल्याचे भाषण करणारा नेता या आकड्याचा उल्लेख क्वचितच करतो, कारण तो घरातला आहे आणि त्याची जबाबदारी त्याच्यावर येते.

एकाच देशावर बोट ठेवल्याने एकूण तूट हलत नाही, हे इतिहासात दोनदा तरी स्पष्ट दिसले आहे. १९८०च्या दशकात अमेरिकेचा सगळा राग जपानवर होता. जपानी मोटारींच्या आयातीवर मर्यादा आल्या, आणि सप्टेंबर १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच देशांच्या अर्थमंत्र्यांनी डॉलर उतरवण्याचा करार केला. येन कितीतरी वधारला. तरीही जपानबरोबरची वस्तूंमधली तूट १९८५ मध्ये ४६ अब्ज डॉलर होती, ती १९८७ मध्ये ५६ अब्ज झाली. दुसरे उदाहरण अलीकडचे. २०१८ नंतर चीनवर शुल्क लागले, चीनबरोबरची तूट खरोखर कमी झाली, आणि व्हिएतनामबरोबरची सुमारे ४० अब्जांवरून २०२४ पर्यंत १२० अब्जांच्या पुढे गेली. माल दुसऱ्या दाराने आत आला.

त्यात हल्ली अनेक वस्तू एकाच देशात बनतच नाहीत. डेट्रॉइट आणि पलीकडच्या तीरावरचे कॅनडातले विंडसर यांच्यामध्ये मोटारींचे सुटे भाग गाडी पूर्ण होईपर्यंत अनेकदा सीमा ओलांडतात, आणि प्रत्येक खेपेला त्यांची पूर्ण किंमत नोंदली जाते. २०२४ मध्ये अमेरिकेची आयर्लंडबरोबर वस्तूंमध्ये ८५ अब्ज डॉलरहून मोठी तूट होती. पन्नास-पंचावन्न लाख वस्तीचा तो देश अमेरिकेला कसा लुबाडणार? त्या आकड्यातला मोठा भाग औषधांचा आहे, आणि ती बनवणाऱ्या कंपन्यांपैकी अनेक अमेरिकीच आहेत. कर वाचवण्यासाठी त्यांनी पेटंट आणि कारखाने तिकडे नेले. ही तूट अमेरिकेच्या करकायद्याने तयार केली आहे, डब्लिनने नव्हे.

हे सारे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकवले जाते आणि वॉशिंग्टनमधल्या अधिकाऱ्यांना ते पाठ आहे. तरीही २ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेने जगभरच्या देशांवर जे ‘प्रतिशुल्क’ जाहीर केले, त्याचा हिशेब याच्या नेमका उलट होता. घोषणेच्या वेळी दाखवलेल्या फलकावर प्रत्येक देशापुढे तो देश अमेरिकी मालावर किती शुल्क आणि इतर अडथळे लावतो याची टक्केवारी दिली होती. भारतापुढे ५२ टक्के लिहिले होते. ही टक्केवारी कोणत्याही शुल्कपत्रकातून आलेली नव्हती. २०२४ मध्ये अमेरिकेने भारताकडून सुमारे ८७.४ अब्ज डॉलरच्या वस्तू घेतल्या आणि वस्तूंमधली तूट ४५.७ अब्जांच्या घरात होती. तुटीला आयातीने भागा, ५२ टक्के येतात. त्याचे निम्मे केले की २६, आणि तेच भारतावरचे शुल्क ठरले. सरकारने नंतर जे सूत्र छापले त्यात ग्रीक अक्षरांचे दोन गुणक होते. एकाची किंमत चार आणि दुसऱ्याची पाव, म्हणजे गुणाकार एक. त्यांनी उत्तरात काहीच फरक पडत नव्हता. साधा भागाकार शास्त्राच्या वेषात लोकांसमोर ठेवला गेला. इस्रायलने आदल्याच दिवशी अमेरिकी मालावरचे उरलेसुरले शुल्क काढून टाकल्याचे जाहीर केले होते, तरी त्याच्यावर १७ टक्के लागले. दक्षिण कोरियाचा २०१२ पासून अमेरिकेशी मुक्त व्यापार करार आहे, त्याच्या वाट्याला २५ टक्के आले. ऑस्ट्रेलियाबरोबर तर अमेरिकेचेच आधिक्य होते. त्यालाही किमान १० टक्के चुकले नाहीत. सेवांचे पान या हिशेबात उघडलेच नव्हते. भारत आणि अमेरिका यांच्यातला सेवांचा व्यापार २०२४ मध्ये दोन्ही बाजूंनी ४१ अब्ज डॉलरच्या वर आणि जवळजवळ समसमान होता. त्याआधी १३ फेब्रुवारीला, पंतप्रधान नरेंद्र मोदी शेजारी उभे असताना, ट्रम्प यांनी भारताबरोबरची तूट जवळपास १०० अब्ज डॉलर असल्याचे सांगितले होते. त्यांच्याच जनगणना खात्याच्या तक्त्यात ती याच्या निम्म्याहून कमी होती.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की वाटाघाटीत सगळेच ताणून बोलतात. गुरांच्या बाजारात कोणी पहिल्या बोलीत खरी किंमत सांगतो का? हे मला मान्य आहे, पण इथे ते लागू पडत नाही. बोलीत लपवायचे असते ते आपले मन: आपण कितीपर्यंत जाऊ, किती सोडू. बैलाचे दात मात्र दोघांनाही दिसत असतात. व्यापाराचे आकडे हे असे उघडे दात आहेत. त्यातही अमेरिका आणि कॅनडा यांची गोष्ट वेगळीच आहे. १९९० पासून हे दोन देश एकमेकांच्या आयातीच्या नोंदींची देवाणघेवाण करतात. अमेरिका कॅनडाला किती माल विकते हे अमेरिका स्वतः मोजत नाही, कॅनडाने नोंदलेली आयात तीच आपली निर्यात म्हणून घेते. कॅनडाही तसेच करतो. आयातीची नोंद शुल्कासाठी काटेकोर ठेवली जाते, निर्यातीची ढिली असते, म्हणून हा मार्ग निवडला गेला. जगात इतका विश्वास फार थोड्या देशांनी एकमेकांवर टाकला आहे. अशा देशाच्या पंतप्रधानाला तुटीचा आकडा चुकीचा सांगून कोणता डाव साधणार? त्याच्या अधिकाऱ्यांकडे तोच तक्ता असतो. फसू शकतो तो फक्त ओहायोतला पोलाद कामगार, विस्कॉन्सिनचा दूध उत्पादक, ज्याला तक्ता पाहायला वेळ नाही आणि ज्याने आपल्या अध्यक्षावर भरवसा ठेवला आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो उडवून लावणे अन्यायाचे होईल. कारखाने खरोखर बंद पडले, गावे खरोखर ओस पडली, मग आकड्यांचा कीस काढत बसायचे का? डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी चीनच्या मालाचा लोंढा आल्यावर अमेरिकेतल्या ठरावीक भागांतले रोजगार कसे गेले आणि वर्षानुवर्षे कसे परतले नाहीत, हे तपशिलात दाखवले आहे. मुक्त व्यापाराने सगळ्यांचे भले होते, असे दोन दशके सांगणाऱ्या नेत्यांनीही लोकांना अर्धेच सत्य सांगितले होते. फायदा देशभर पसरतो आणि तोटा ठरावीक गल्ल्यांत साचतो, हा भाग त्यांनी गाळला. आजचे खोटे त्या जुन्या अर्धसत्याच्या जमिनीवर उगवले आहे. पण दुखणे खरे आहे म्हणूनच निदान खोटे चालणार नाही. चीनच्या लोंढ्याचा राग कॅनडावर काढणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. जून २०१८ मध्ये कॅनडाच्या पोलादावर २५ आणि ॲल्युमिनियमवर १० टक्के शुल्क लागले, तेही राष्ट्रीय सुरक्षेला धोका असल्याच्या कारणाने. वास्तविक १९५८ पासून अमेरिका आणि कॅनडा यांची हवाई संरक्षण व्यवस्था एकत्र आहे. पुढे अमेरिकी फेडरल रिझर्व्हच्या दोन अर्थतज्ज्ञांनी २०१८च्या शुल्कांचा अभ्यास केला. संरक्षण मिळालेल्या उद्योगांत जितके रोजगार वाचले त्यापेक्षा जास्त, महागलेल्या कच्च्या मालामुळे आणि इतर देशांनी प्रत्युत्तरादाखल लावलेल्या शुल्कांमुळे गेले, असे त्यांना आढळले. ज्या कामगाराच्या नावाने हे केले गेले त्यालाच ते भोवले.

तिसरे म्हणणे असे की आकडेच जुळत नाहीत, मग खरे कोणते? ब्रिटन आणि अमेरिका यांचे उदाहरण हमखास दिले जाते. दोन्ही देशांची अधिकृत आकडेवारी अनेक वर्षे परस्पर व्यापारात आपलेच आधिक्य असल्याचे दाखवते. दोघेही खोटे बोलत नाहीत. जर्सी, गर्न्सी आणि आयल ऑफ मॅन या बेटांचे आर्थिक व्यवहार ब्रिटनचे धरायचे की नाही, वित्तसेवांची किंमत कशी मोजायची, याचे नियम दोघांचे वेगळे आहेत. अमेरिका-कॅनडातही तसा फरक पडतो. चिनी माल अमेरिकेतून फिरून कॅनडात गेला तर कॅनडा तो चीनकडून झालेली आयात म्हणून लिहितो आणि अमेरिका आपली निर्यात म्हणून. पण हे फरक दोन्हीकडच्या सांख्यिकी कार्यालयांनी स्वतःच शोधून, कारणांसकट छापलेले आहेत. प्रामाणिकपणा म्हणजे एकच आकडा सांगणे नव्हे. आपण कोणता आकडा घेतला आणि का घेतला, हे सांगणे. अप्रामाणिकपणा त्या फटीत शिरतो आणि आज हा, उद्या तो, असे सोयीचे आकडे उचलतो. २०२५ मध्ये आपण कॅनडाला वर्षाला २०० अब्ज डॉलर ‘देतो’ असे ट्रम्प वारंवार म्हणत होते. २०२४ची वस्तूंमधली तूट होती सुमारे ६३ अब्ज, आणि सेवा धरल्या तर ती बरीच खाली येते. २०० अब्ज कोणत्याच पानावर नव्हते.

कॅनडाच्या नेत्यांनाही या कसोटीतून मोकळे सोडता येणार नाही. ऊर्जा वगळली तर आधिक्य अमेरिकेचेच आहे, असे ते त्याच सुमारास सांगत होते. वाक्य खरे आहे, पण तेल हीच कॅनडाची सर्वांत मोठी विक्री. अमेरिका रोज सुमारे ४० लाख बॅरल कच्चे तेल कॅनडाकडून घेते, आपल्या आयात तेलापैकी साठ टक्क्यांच्या आसपास. ते वगळून हिशेब मांडणे म्हणजे कोल्हापूरने गूळ सोडून आपला बाजार मोजणे. खरी बाजू मांडायची तर त्यांनी असे सांगायला हवे होते: हो, आमचे आधिक्य आहे, ते तेलामुळे आहे. ते तेल तुम्ही जागतिक भावापेक्षा स्वस्तात घेता, आणि तुमच्या मध्य-पश्चिमेतले शुद्धीकरण कारखाने त्याच जड तेलासाठी बांधलेले आहेत. हे उत्तर लांब आहे, पण त्यात लपवण्यासारखे काही नाही.

मित्राशी असे बोलता येते, याचा दाखला आपल्याजवळच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी मॉस्कोत भारत-रशिया संयुक्त आयोगाच्या बैठकीत सांगितले की रशियाबरोबरची आपली तूट चार वर्षांत ६.६ अब्ज डॉलरवरून ५८.९ अब्जांवर, म्हणजे जवळपास नऊपट झाली आहे. ती प्रामुख्याने तेलाच्या आयातीमुळे वाढल्याचेही त्यांनी सांगितले आणि ती कमी करण्याचे मार्ग मांडले. आकडा खरा, कारण खरे, मागणी स्पष्ट. त्याच महिन्यात अमेरिकेने भारतीय मालावरचे शुल्क ५० टक्क्यांवर नेले, त्यातले २५ टक्के रशियन तेल घेतल्याबद्दल. मुंबईत अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रातले दागिने घडवणारे कारागीर प्रामुख्याने अमेरिकी ग्राहकासाठी काम करतात. त्यांच्या हातचे काम कमी झाले ते कोणत्या तरी पानावरच्या बेरजेमुळे, जी त्यांनी कधी पाहिलेली नाही. आपले सरकारही युरोप, ब्रिटन, आखाती देश यांच्याशी करार करत असताना आपल्याला आकडे सांगणार आहे. ते सांगितले जातील तेव्हा त्यात सेवा धरल्या आहेत का, वर्ष कोणते, तूट असेल तर कशाच्या खरेदीमुळे, हे वाचकांनी विचारावे. वृत्तपत्रांना आणि आपल्या खासदारांना ते विचारता येते.

२०२५च्या शरद ऋतूत अमेरिकेचे सरकारी कामकाज निधीअभावी ठप्प झाले. तेव्हा कॅनडाच्या सांख्यिकी कार्यालयाला सप्टेंबर महिन्याची व्यापाराची आकडेवारी ठरलेल्या दिवशी प्रसिद्ध करता आली नाही. कॅनडाने अमेरिकेला किती माल विकला हे अमेरिकेच्या कार्यालयाने कळवायचे होते, आणि ते कार्यालय बंद होते.